इस्तंबूलमध्ये पातेल्याला कल्हई

आमच्या मंडळाच्या अंकात लोक स्वित्झर्लंडचं लिहितात, पॅरिसचं लिहितात. बर्फ किती होता, मनोरा किती उंच होता, शाकाहारी जेवण कुठे मिळालं. मी ज्या शहराचं लिहितोय तिथे मी एकच दिवस होतो, आणि त्यातले चार तास एका तांबटाच्या दुकानात स्टुलावर बसलो. तरी लिहितो. चौथी शिकलेल्या माणसाचं लिखाण आहे, सांभाळून घ्या. शुद्धलेखन सुनेने तपासलं आहे. वाक्यं माझी आहेत. तिने दोन ठिकाणी ती गोड करायचा प्रयत्न केला, ते मी खोडलं.

आधी पातेल्याचं सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

माझी बायको इंदू गेल्या वर्षी एप्रिलमध्ये वारली. आम्ही अडुसष्ट साली कऱ्हाडहून बर्मिंगहॅमला आलो तेव्हा तिच्या ट्रंकेत तांब्याचं एक पातेलं होतं. आठ माणसांची आमटी होईल एवढं. तिच्या आईने लग्नात दिलेलं. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं, 'सौ. इंदू हिस आईकडून'. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतातच, म्हणजे लग्नाकार्यात शेजारी गेलेलं भांडं परत येतं.

इकडे जन्मलेल्या पोरांसाठी सांगतो. तांब्याच्या भांड्यात आंबट शिजवलं की ते कळकतं. हिरवट होतं, तोंड वाईट होतं, पोट बिघडतं. म्हणून आतून कथलाचा पातळ हात देतात, ती कल्हई. वापरून ती झिजते, मग पुन्हा करायची. इंग्लंडात करून देणारा आम्हाला कधी सापडला नाही. म्हणून भारतात जाताना इंदू ते पातेलं जुन्या साडीत गुंडाळून न्यायची आणि आतून चांदीसारखं करून आणायची. चिंचगुळाची आमटी फक्त त्याच पातेल्यात. दुसऱ्या भांड्यात केली तर स्वतःच नाक मुरडायची, "ही स्टीलची आमटी."

शेवटची काही वर्षं आमचं जाणं झालं नाही. एकदा माझा गुडघा, एकदा मुलाचं वॉटफर्डला घर घेऊन आम्हाला तिकडे नेणं, आणि एकदा मी नुसताच म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. मग ती आजारी पडली. तोवर कल्हई पार गेली होती, पातेलं लॉफ्टमध्ये पडलं होतं. हॉस्पिटलमधून तिला घरी आणली तेव्हा तिला ती आमटी खावीशी वाटली. सुनेने केली. चांगली केली होती. इंदूने दोन चमचे घेतले आणि हसून म्हणाली, "स्टीलची."

ती हसून म्हणाली, पण मला ते लागलं. आमच्यात असं बोलून दाखवायची पद्धत नव्हती.

तर वर्ष व्हायच्या आत पातेल्याला कल्हई करून आणायची आणि तिच्या वर्षाच्या दिवशी त्यात आमटी करायची, एवढं ठरवून मी मार्चमध्ये तीन आठवडे भारतात गेलो.

कऱ्हाड आणि पुणे

कऱ्हाडला आमच्या घरामागे पिंपळाखाली एक कल्हईवाला बसायचा. तो वारला. त्याचा मुलगा मोबाईल दुरुस्त करतो. माझा पुतण्या शरद म्हणाला, "काका, पुण्याला जाल तेव्हा करू. तांबट आळीत सगळं होतं." मी म्हटलं बरं. मग अठरा दिवस मी नातेवाइकांकडे जेवत हिंडलो. प्रत्येक घरी श्रीखंड. प्रत्येक घरी, "काकू गेल्या, वाईट झालं, अजून एक वाटी घ्या."

पुण्यात पोचलो तो माझ्या हातात एक दिवस. शरदने स्कूटरवरून नेलं. दुकानदाराने पातेलं बघितलं आणि मागच्या ढिगाकडे बोट दाखवलं. लग्नसराई. म्हणाला, "आजोबा, पंधरा दिवस ठेवून जा."

"माझं उद्या रात्री विमान आहे."

"मग पुढच्या खेपेला आणा."

पुढच्या खेपेला. हे वाक्य मला कोणी ऐकवू नये. मी शरदवर ओरडलो. वास्तविक चूक माझी होती, पण तो जवळ होता. तो बिचारा म्हणाला, "काका, नॉनस्टिक घेऊन देतो ना एक." मी पातेलं परत साडीत गुंडाळलं आणि विमानतळापर्यंत त्याच्याशी बोललो नाही. ह्या अंकातून त्याची माफी मागतो. त्याला पाठवणार आहे एक प्रत.

खांबातलं भोक

तिकीट मुलाने काढलेलं. मुंबईहून इस्तंबूल, तिथे सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत थांबायचं, मग लंडन. मिलिंदने बजावलं होतं, "बाबा, आत खुर्चीवर बसून राहा. बाहेर जाऊ नका."

एक तास बसलो. समोर एक माणूस बूट काढून झोपला होता. त्याच्या मोज्याला भोक. बाहेर ऊन पडलेलं दिसत होतं. अकरा तास ह्या अंगठ्याकडे बघत बसायचं असेल तर माणूस मेलेला बरा, असं वाटलं आणि उठलो. ब्रिटिश पासपोर्ट असला की तिथे दहा पौंडांची नोट घेऊन पासपोर्टात एक तिकीट चिकटवतात, की झाला व्हिसा. क्रॉयडनच्या इमिग्रेशन ऑफिसात व्हिसाच्या कागदांसाठी आमच्या लोकांनी काय काय भोगलंय! इथे चहा घेण्याइतका वेळ लागला.

सामान परस्पर लंडनला जाणार होतं. माझ्याकडे खांद्यावरची पिशवी आणि पिशवीत पातेलं. ते मी विमानात सामानात टाकत नाही. पाट्या वाचायच्या भानगडीत न पडता मी गर्दीमागून गेलो, आधी आगगाडी, मग ट्रॅम. ट्रॅममध्ये मला बघून तिघं उठले. वॉटफर्डच्या बसमध्ये पेन्शनरने काठी आपटली तरी हेडफोन निघत नाहीत.

शहर चढउताराचं. जिकडे बघावं तिकडे घुमट, आणि उतारावर उभं राहिलं की खाली पाणी, पाण्यात बोटी, बोटींवर भोंगे. मांजरं तर इतकी की जणू नगरपालिकेने नेमलीत. एक मांजर बँकेच्या खिडकीत झोपलं होतं, आणि रांगेतले लोक त्याला न उठवता पलीकडून कागद देत होते. मला हे शहर तिथेच आवडलं.

सगळे जातात त्या मोठ्या घुमटाच्या इमारतीत मीही गेलो. पंधराशे वर्षांची आहे म्हणे. आधी चर्च, मग मशीद, आता म्युझियम. वर बघून मान दुखली. मोठं आहे, खरोखरच मोठं आहे, त्यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. पण एका खांबापाशी मी बराच वेळ उभा राहिलो. त्या खांबाला कमरेच्या उंचीवर तांब्याचा पत्रा मारलाय आणि पत्र्यात एक भोक आहे. लोक त्यात अंगठा घालून पंजा गोल फिरवतात आणि काहीतरी मागतात. आता, मी बर्मिंगहॅमला नळाच्या कारखान्यात एकतीस वर्षं पॉलिशर होतो. पितळ, तांबं, क्रोम, सगळं माझ्या हातून गेलंय. त्या भोकाभोवती पत्र्याला जी चकाकी आलीय, ती मला मशीनवर कधी काढता आली नाही. नुसत्या बोटांनी आलेली. किती माणसं मागून गेली असतील!

मी अंगठा घातला. गुडघ्यासाठी मागावं असं आधी मनात आलं. पण तोंडातून निघालं, "कल्हईवाला मिळू दे." मागे एक जपानी बाई थांबली होती, तिला वाटलं मी तिला काही बोललो. ती वाकून थँक यू म्हणाली.

मग भूक लागली. एका खानावळीत काचेमागे मोठाली पातेली मांडून ठेवलेली, बोट दाखवायचं आणि घ्यायचं. मी मसुराच्या सुपाकडे बोट दाखवलं. वाटीत आलं ते वरणच. फोडणी राहिलेलं वरण, वर लिंबाची फोड. लिंबू पिळलं, तिखट टाकलं, पाव बुडवून दोन वाट्या खाल्ल्या. विमानातल्या खाण्यानंतर डोळ्यांत पाणी आलं. वाढणाऱ्याला वाटलं तिखट जास्त झालं. त्याने धावत जाऊन दही आणलं.

गल्ली

खानावळीतून निघालो आणि आवाज आला. ठक ठक, ठक ठक ठक.

हा आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगावं लागत नाही. लाकडी हातोडी आणि तांब्याचा पत्रा. मी रस्ता सोडून आवाजाच्या दिशेने चालायला लागलो. कॉलेजची एक लांबच लांब भिंत, आणि तिच्या कडेने तांबटांची गल्ली. बहुतेक दुकानांत पर्यटकांना विकायचं सामान, सुरया, दिवे, नक्षीची ताटं. मी ठक ठक आवाज धरून शेवटपर्यंत गेलो.

शेवटच्या दुकानात काळवंडलेल्या भिंती, जमिनीवर भट्टी, आणि एक म्हातारा. माझ्याच वयाचा, मिशा पांढऱ्या, हात कोळशासारखे. मी काही न बोलता पिशवीतून साडी काढली, साडीतून पातेलं काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

त्याने पातेल्यावर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावला. आत अंगठा फिरवला. अंगठा बघितला. मग माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं, की काय माणूस आहेस तू, काय अवस्था केलीस ह्याची. आणि म्हणाला, "कलाय."

"कल्हई!" मी ओरडलोच. "हो, कल्हई, कल्हई!"

तो हसायला लागला. मग त्याने रस्त्यावर तोंड काढून हाक मारली आणि एक माणूस आला. चाळिशीचा, हातात लोंबता ट्रे, ट्रेमध्ये चहाचे छोटे पेले. त्याचं नाव केमाल. गल्लीत चहा पोचवतो. त्याआधी सात वर्षं लंडनला हॉटेलात भांडी घासत होता. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच, कामापुरतं. आमचं बोलणं मी इथे मराठीत लिहितो.

"काका, कुठून आलात?"

"वॉटफर्ड."

"वॉटफर्डच्या आधी कुठून?"

"भारत."

"असं सांगा ना. वॉटफर्डचा माणूस खांद्यावर पातेलं घेऊन हिंडत नाही." मग त्याने म्हाताऱ्याची ओळख करून दिली. हुसेन उस्ता. उस्ता म्हणजे आपला उस्ताद. "उस्ता विचारतो, हे कोणाचं?"

"बायकोचं."

"ती कुठे आहे?"

"वारली."

केमालने सांगितलं. उस्ताने छातीवर हात ठेवला आणि मान खाली घातली. मग त्याने बरंच काही विचारलं. केमाल सांगायला जरा कचरत होता.

"बोल," मी म्हटलं. "मला आडून बोललेलं कळत नाही."

"उस्ता म्हणतो, मग आता ह्यात शिजवणार कोण? नुसतं कपाटात मांडून ठेवायचं असेल तर कल्हईची गरज नाही. बाहेरून चमकवून देतो, वार्निश मारतो. छान दिसेल. कल्हई करायची ती शिजवण्यासाठी."

ह्याचा मी विचारच केला नव्हता. आमटी सून करेल, असं धरून चाललो होतो. पण पातेलं घेऊन कऱ्हाड, पुणे, मुंबई हिंडलो तो मी, आणि तिला स्टीलची आमटी खायला लावली तोही मीच.

"मी शिजवणार," मी म्हणालो.

"येतं का?"

"नाही."

उस्ता इतका हसला की त्याचे उरलेले चार दात दिसले. त्याने ब्लोअर लावला. भट्टी पेटली.

मग काय सांगू, सिनेमा बघावा तसं मी बघत होतो. वाळूने आतून घासलं, धुतलं, चिमट्यात धरून पातेलं निखाऱ्यांवर फिरवलं. नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर उठला, आणि तो वास! कऱ्हाडच्या पिंपळाखालचाच वास. कथलाची कांडी नुसती टेकवली, थेंब पळाला, उस्ताने कापसाचा बोळा फिरवला, आणि तांबूस पातेल्यात चंद्र उगवला. एका फेऱ्यात. मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या दुकानातले दोघं बघायला आले, त्यांनीही वाजवल्या. केमालने सगळ्यांना चहा दिला. बिनदुधाचा, पण त्या वेळी मला कसलाही चालला असता.

इथपर्यंत सगळं छान होतं. पुढची माती मी केली.

आगीने पातेलं बाहेरून काळं पडलं होतं. कोपऱ्यात पॉलिशचं मशीन होतं, मोटरवर फिरणारं कापडाचं चाक. उस्ता ते लावायला उठला तसा मी पुढे झालो. केमालला म्हटलं, "त्याला सांग, मी एकतीस वर्षं हेच केलंय." उस्ताने माझे हात उलटेसुलटे करून बघितले आणि त्याचा एप्रन माझ्या गळ्यात घातला.

निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली. चाक फिरलं आणि माझे हात आपणहून कामाला लागले. काळं गेलं, तांबं वर आलं, तांब्याला रंग चढला. गेल्या वर्षभरात मी एवढा खुशीत नव्हतो. बर्मिंगहॅमला आमचा फोरमन म्हणायचा, "एकही डाग राहता कामा नये, ओरखडा नको, ठिपका नको." मी गुणगुणत होतो. पातेलं फिरवत होतो. खरखरीत चाकावर जरा दाबून धरलं, मग मऊ चाकावर. मग उजेडात धरलं.

आरसा झाला होता. आरशात मी दिसत होतो. आणि काठाखाली लिहिलेलं होतं, 'हिस आईकडून'.

पुढचं नव्हतं. 'सौ. इंदू' गेलं होतं.

ते नाव आधीच झिजलेलं होतं. चाळीस वर्षं तिने स्वतःच चिंच-मीठ लावून घासलेलं. राहिलेलं मी घालवलं. मशीन बंद केलं तरी चाक थोडा वेळ फिरत राहतं, तेवढा वेळ मी तसाच उभा होतो. मग खाली बसलो. स्टूल बाजूला होतं, मी जमिनीवरच बसलो.

"काय झालं?" केमाल घाबरला. "लागलं का?"

मी बोट ठेवून दाखवलं. "इथे नाव होतं. मी पुसलं."

केमालने उस्ताला सांगितलं. मला वाटलं हसतील, किंवा जाऊ दे म्हणतील. उस्ता उठला. भिंतीवरच्या हत्यारांतून त्याने एक पंच काढला. टोकदार, पेन्सिलीएवढा. आणि एक छोटी हातोडी. दोन्ही माझ्यापुढे धरलं.

"उस्ता म्हणतो, लिही."

"त्याला लिहायला सांग."

"त्याला तुमची अक्षरं कुठे येतात?"

खरं होतं. त्या गल्लीत मराठी येणारा मी एकटा. आणि मला लिहायचं म्हणजे घाम. माझे सगळे फॉर्म इंदू भरायची. ती सातवी शिकलेली. कौन्सिलचे, पेन्शनचे, शाळेचे सगळे. मी खाली सही करायचो. तिचं नाव लिहायची वेळ माझ्यावर कधीच आली नव्हती. आणि हाक मारायची तर नाहीच. आमच्या पिढीत 'अगं' म्हटलं की झालं. तिचं नाव मी एकदाच घेतलं होतं, लग्नात घास भरवताना, तेही मामाने शिकवलेल्या उखाण्यात.

उस्ताने तांब्याचा एक तुकडा दिला, सरावाला. मी ठोकायला लागलो. पहिलं नाव उतरंडीसारखं झालं. दुसऱ्यात अक्षरं एकमेकांवर चढली. केमालचा चहा गार होत होता, गल्लीतून त्याला हाका येत होत्या, तो हलेना. दहाव्या-अकराव्या वेळी नाव वाचता येईल असं झालं.

"काय नाव आहे?" केमालने विचारलं.

मी घसा साफ केला. म्हटलं, "इंदू."

"इंदू," केमाल म्हणाला.

"इंदू," उस्ता म्हणाला. मग केमालने मला समजावलं, इथे बाईच्या नावापुढे मानाने हानम लावतात. आणि ती दोन माणसं, ज्यांनी तिला कधी बघितलं नाही, पातेल्याकडे बघून म्हणाली, "इंदू हानम."

ती असती तर पदराने तोंड झाकून हसली असती.

उस्ताने ऐरणीवर चामडं टाकलं, आतली कल्हई दुखावू नये म्हणून, आणि पातेलं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मी ठोकलं. एकेक ठिपका. 'सौ.' आधी घातलं, कारण ती गेली ती सौभाग्यवतीच. मग 'इंदू'. वाकडं आलं. आईकडची अक्षरं सरळ रेषेत, माझी जरा चढावर. पण खोल घातलं. पुढची चाळीस वर्षं जाणार नाही असं.

पैसे उस्ताने घेतले. घ्यावेतच, काम केलं होतं. वर केमालकरवी एक गोष्ट ऐकवली, "उस्ता म्हणतो, पॉलिश उत्तम आहे. पण तुम्हाला तो नोकरीवर ठेवणार नाही."

तेवढ्यात माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. साडेचार! केमालने ट्रे तिथेच टाकला आणि माझं कोपर धरून मला उतारावरून पळवत ट्रॅमपर्यंत नेलं. चाळीस वर्षं इंग्लंडात राहून मला कोणी असं धरून पळवलं नव्हतं. ट्रॅम सुटताना तो काचेतून ओरडला, "पहिल्यांदा मीठ कमी टाका, काका!"

विमानतळावर पिशवी मशीनमधून गेली आणि अडकली. शिपाई बाईने पातेलं बाहेर काढायला लावलं. उघडून आत बघितलं. चेहरा कडक. मग तिने बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला, आणि हसून म्हणाली, "कलाय." मला पुढे सोडलं.

वॉटफर्ड

मिलिंद विमानतळावर चिडलेला होता. "बाबा, मी दहा वेळा फोन केला! कुठे होतात?"

"कारखान्यात," मी म्हणालो.

तो माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागला.

घरी नात रिया जागी होती. ती बारा वर्षांची, जन्म इथलाच. पिशवी तिनेच उघडली. "ओ माय गॉड, आजोबा, हा पातेला किती शाइनी आहे!" मग काठावर बोट फिरवत म्हणाली, "हे वर्ड वाकडा कोणी लिहिला?"

"मी."

"ओके," ती म्हणाली. "नाइस आहे पण."

वर्षाच्या दिवशी सकाळी मी सुनेला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. स्वाती दारात हाताची घडी घालून उभी राहिली. "बाबा, मी फक्त सांगते, हात नाही लावत."

"सांगूही नको."

डाळ शिजली. चिंच कोळली. फोडणी टाकली मात्र, घरभर किंचाळी उठली. स्मोक अलार्म! इंदू फोडणीच्या आधी अलार्मला शॉवर कॅप घालायची, ते मी विसरलो. मिलिंद खुर्चीवर चढून टॉवेल हलवतोय, रिया कानांत बोटं घालून हसतेय, स्वाती खिडक्या उघडतेय, शेजारची बाई कुंपणावरून विचारतेय, सगळं ठीक ना? आणि मी चिंचगुळाच्या उकळत्या आमटीसमोर डाव घेऊन उभा. वर्षभर त्या घरात इतका गोंधळ झाला नव्हता.

पहिली वाटी इंदूच्या फोटोपुढे ठेवली. मग आम्ही बसलो. केमालने सांगूनही मीठ जास्त झालं होतं. गूळ कमी. मिलिंदने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मी त्याच्याकडे बघत होतो. त्याने मान वर केली नाही. भात कालवत म्हणाला, "बाबा, ही स्टीलची नाही."

मी आणखी एक वाटी घेतली.

जेवणं झाल्यावर स्वातीने पातेलं सिंकमध्ये घेतलं आणि त्या हिरव्या खरखरीत स्पंजला हात घातला. मी ओरडलो. ती दचकली. मग पातेलं तिच्या हातून काढून घेतलं. बायको चाळीस वर्षं भांडी घासायची तेव्हा मी कधी हात लावला नव्हता, आणि आता माझी बाही कोपरापर्यंत वर. रियाने माझा फोटो काढला आणि बर्मिंगहॅमच्या सगळ्या ओळखीच्यांना पाठवला. खुशाल हसू देत.

तेव्हापासून ते पातेलं मीच घासतो. दर रविवारी आमटी होते, आता मीठ बरं पडतं. आतून नुसतं पाणी आणि मऊ फडकं, कल्हईला जपून. बाहेरून चिंच-मीठ लावून, बोटांनी. नावापाशी आलो की हात आपोआप हळू होतो, आणि मी कडेकडेने घासतो.